ट्रॅक्टर व ट्रॉलीची रस्त्यावरील योग्यता : तपासणी व नेहमी आढळणारे दोष

जळगाव जिल्ह्याच्या रावेर तालुक्यातील सावदा हे केळीच्या व्यापाराचे जुने व नावाजलेले ठिकाण आहे. तापीकाठची काळी कसदार जमीन, विहिरींचे पाणी आणि कष्टाळू शेतकरी यांच्या बळावर या भागातील मृगबाग व कांदेबाग केळीने दूरदूरच्या बाजारपेठांत नाव मिळविले. सावदा व रावेर या रेल्वे स्थानकांवरून केळीचे वॅगन दिल्लीकडे रवाना झाले. पुढे २०१६ साली जळगावच्या केळीस भौगोलिक मानांकनही प्राप्त झाले. केळीच्या या दीर्घ प्रवासाची चर्चा होते तेव्हा रेल्वेची व मालमोटारीची चर्चा होते. मात्र बागेतून कापलेला घड मालमोटारीपर्यंत किंवा स्थानकापर्यंत ज्या वाहनातून जातो, त्या ट्रॅक्टर-ट्रॉलीचा विचार क्वचितच केला जातो. वास्तविक, या प्रवासातील पहिला टप्पा तिचाच असतो आणि तो टप्पा सार्वजनिक रस्त्यावरून जातो.

ट्रॅक्टर हे मूलतः शेतातील ओढकामाचे यंत्र आहे. नांगरट, वखरणी, रोटाव्हेटर अशा कामांत त्याची गती मंद असते, आजूबाजूस रहदारी नसते आणि मऊ जमीन त्याला आपोआप आवर घालते. अशा वेळी ब्रेक ढिला असला, मागचा दिवा बंद असला किंवा हुकाची पिन झिजलेली असली तरी कामात खोटी होत नाही. दोष असतो, परंतु तो दिसत नाही. हाच ट्रॅक्टर भरलेली ट्रॉली घेऊन डांबरी रस्त्यावर आला म्हणजे परिस्थिती पालटते. गती वाढते, मागे काही टनांचा भार असतो, समोरून मालमोटारी येतात, कडेने शाळेची मुले चालत असतात. शेतात सहा महिने लपून राहिलेला दोष रस्त्यावर एका क्षणात उघडा पडतो. म्हणून शेतात ट्रॅक्टर उत्तम चालतो एवढ्यावरून तो रस्त्यावर चालविण्यास योग्य आहे, असे समजणे चुकीचे ठरते.

सावद्यावरून जाणारा बऱ्हाणपूर-अंकलेश्वर मार्ग फैजपूर, यावल, किनगाव, चोपडा या गावांवरून पुढे जातो. याच मार्गावर किनगावनजीक फेब्रुवारी २०२१ मध्ये पपई भरलेले मालवाहू वाहन रात्रीच्या वेळी उलटले आणि त्यातून प्रवास करणारे किमान १५ मजूर प्राणास मुकले. त्यांपैकी बहुतेक रावेर तालुक्यातील होते. ते वाहन ट्रॅक्टर नव्हते, आणि त्या अपघाताच्या कारणांची चिकित्सा करणे हा या लेखाचा हेतूही नाही. तथापि फळांचा भार, रात्रीचा रस्ता आणि मालावर बसलेली माणसे ही तिन्ही गोष्टी या भागातील प्रत्येक ट्रॉलीच्या बाबतीतही एकत्र येऊ शकतात, हे शेतकऱ्यांनी विसरता कामा नये. वाहनाच्या तपासणीचा प्रश्न केवळ दंड वाचविण्याचा नाही, तो माणसे सुखरूप घरी पोहोचण्याचा आहे.

कायद्यातील तरतूद

मोटार वाहन अधिनियम १९८८ व त्याखालील केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ यांनुसार शेतीचा ट्रॅक्टर हे बिगर-वाहतूक वर्गातील वाहन मानले जाते. त्याची नोंदणी प्रथम १५ वर्षांकरिता होते. ही मुदत संपल्यावर नोंदणीचे नूतनीकरण एका वेळी ५ वर्षांकरिता होते व त्या वेळी वाहन तपासणीसाठी हजर करावे लागते. वाहतूक वर्गात नोंदलेल्या वाहनास मात्र योग्यता प्रमाणपत्र लागते. वाहन ८ वर्षांचे होईपर्यंत त्याची मुदत दोन वर्षांची व त्यानंतर एक वर्षाची असते. दुसऱ्याचा माल भाड्याने वाहण्याचा व्यवसाय करणाऱ्याने आपले वाहन कोणत्या वर्गात नोंदलेले आहे, याची परिवहन कार्यालयात खात्री करून घ्यावी.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. अधिनियमातील मोटार वाहनाच्या व्याख्येत ट्रॉलीचाही समावेश होतो. सबब ट्रॅक्टरची कागदपत्रे पुरी असली म्हणजे ट्रॉलीचे काम झाले असे नाही. तिची नोंदणी व तिचा विमा यांचा स्वतंत्र विचार करावा लागतो. गावच्या लोहाराकडून किंवा कारखान्यातून ट्रॉली बांधून घेताना हा मुद्दा राहून जातो आणि अपघातानंतर विम्याचा प्रश्न उभा राहिला म्हणजे मग तो आठवतो.

नूतनीकरणासाठी १५ वर्षे वाट पाहिली जाते, ही खरी अडचणीची बाब आहे. ब्रेकचे लायनर, टायर, पिन, बेअरिंग यांपैकी कोणताही भाग निर्वेध १५ वर्षे टिकत नाही. निरीक्षकाची तपासणी ही वर्षानुवर्षांनी एकदा होणारी गोष्ट आहे. मधल्या काळातील तपासणी मालकाने स्वतःच करावयाची असते. ती कशी करावी व कोणते दोष नेहमी आढळतात, याचे विवेचन पुढे केले आहे.

ब्रेक

ट्रॅक्टरला उजव्या व डाव्या मागील चाकासाठी ब्रेकचे दोन स्वतंत्र पायटे असतात. शेतात तासाच्या शेवटी चटकन वळता यावे, हा त्यामागील हेतू. रस्त्यावर मात्र हे दोन्ही पायटे जोडणारा खटका लावणे अत्यावश्यक असते. खटका न लावता वेगात असताना एकाच पायट्यावर पाय पडला तर एकच चाक अडते, ट्रॅक्टर गर्रकन एका अंगास वळतो आणि कित्येकदा उलटतो. तपासणीत हा खटका तुटलेला, गंजलेला अथवा काढून टाकलेला आढळणे हा नित्याचा दोष आहे. तो बसविण्यास लागणारा खर्च अत्यल्प असतो.

खटका लावलेला असूनही दोन्ही ब्रेक सारखे लागत नसतील तर धोका कायम राहतो. शेतात एकाच बाजूस वारंवार वळण घेतल्याने त्या बाजूचे लायनर अधिक झिजते. हे पाहण्याची सोपी रीत अशी : मोकळ्या, सपाट व कोरड्या जागेत ट्रॉली न जोडता ट्रॅक्टर ताशी सुमारे १५ किलोमीटर वेगाने सरळ चालवावा आणि खटका लावलेले पायटे एकदम दाबावेत. नंतर खाली उतरून मागील दोन्ही चाकांच्या घसरटीच्या खुणा पाहाव्यात. दोन्ही खुणा सारख्या लांबीच्या असतील तर ब्रेक सम आहेत. एक लांब व दुसरी आखूड असेल, किंवा ट्रॅक्टर एका अंगास ओढला जात असेल, तर रस्त्यावर जाण्यापूर्वी ब्रेक जुळवून घ्यावेत. ही चाचणी करताना आजूबाजूस कोणीही उभे राहू नये.

ट्रॉलीच्या ब्रेकची स्थिती याहून शोचनीय असते. अनेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेकच नसतो, आणि ज्यांना असतो त्यांचा सांधा गंजून निकामी झालेला असतो. याचा परिणाम साध्या हिशेबाने समजून घेता येतो. समजा, ट्रॅक्टरचे वजन २ टन आहे. रिकामी ट्रॉली १ टन असून तीत प्रत्येकी २० किलोचे १५० घड भरले, म्हणजे ३ टन माल झाला. एकूण भार ६ टन. ब्रेक मात्र २ टनांच्या ट्रॅक्टरचेच. एकटा ट्रॅक्टर ताशी २० किलोमीटर वेगात असताना ब्रेक लावल्यापासून सुमारे ५ मीटरांत थांबत असेल, तर तेवढ्याच ब्रेकला तिप्पट भार थांबविण्यास सुमारे १५ मीटर लागतील. हाच वेग ताशी ३० किलोमीटर केला तर एकट्या ट्रॅक्टरला १२ मीटर व भरलेल्या ट्रॉलीसह ३५ मीटर लागतील. शिवाय धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत जो एखादा सेकंद जातो, तेवढ्यात ताशी ३० किलोमीटर वेगाचे वाहन आणखी ८ मीटर पुढे गेलेले असते. प्रत्यक्षात रस्ता, टायर व भाराची मांडणी यांनुसार हे आकडे कमी-अधिक होतील. परंतु त्यांचे प्रमाण ध्यानात ठेवण्यासारखे आहे. वेग दीडपट झाला की थांबण्याचे अंतर दुपटीहून अधिक वाढते, आणि भार तिप्पट झाला की तेही तिप्पट होते.

यावरून दोन नियम निघतात. पहिला, नवी ट्रॉली घेताना ब्रेक असलेलीच घ्यावी आणि जुन्या ट्रॉलीचा ब्रेक चालू स्थितीत ठेवावा. दुसरा, भरलेली ट्रॉली मागे असताना उतारावर गिअर काढून ट्रॅक्टर सोडू नये. डिझेल वाचविण्याची ही रीत फार महागात पडते. ज्या गिअरने चढ चढता येतो, त्याच गिअरने उतार उतरावा, म्हणजे इंजिनाचा आवर राहतो.

हूक, पिन व साखळी

ट्रॅक्टर व ट्रॉली यांचा संबंध एका पिनेवर अवलंबून असतो. मूळ पिन हरवली म्हणजे तिच्या जागी एखादा जुना बोल्ट, सळईचा तुकडा किंवा पहारेचे कापलेले टोक वापरले जाते. बाहेरून ते जाड दिसले तरी साध्या लोखंडाचे असल्याने धक्क्याने वाकते व झिजते. पिन बाहेर काढून बोटाने चाचपावी. मधोमध खोलगट घेर पडला असेल तर ती बदलावी. ट्रॉलीच्या ओढदांड्याचे भोक लांबट झाले असेल तर नुसती पिन बदलून भागत नाही, ते भोकही दुरुस्त करून घ्यावे लागते.

पिनेच्या खालच्या टोकास अडकविण्याची लहान सुरक्षा-पिन हा या सर्व वाहनातील बहुधा सर्वांत स्वस्त भाग असावा. तिच्याऐवजी तार गुंडाळलेली किंवा काहीच नसलेली आढळते. खड्ड्यात उसळी बसली की मोठी पिन वर सरकते आणि ट्रॉली सुटते. सुटलेल्या ट्रॉलीला कोणीही चालवीत नसते. ती उताराच्या दिशेने, समोर जे येईल त्यावर जाते. म्हणून हुकाखेरीज एक मजबूत साखळी ट्रॅक्टर व ट्रॉली यांमध्ये नेहमी बांधलेली असावी. वळताना ताण पडू नये इतकी ती सैल असावी, पण जमिनीस घासणार नाही इतकी आखूड असावी.

ट्रॉली नेहमी ट्रॅक्टरच्या खालच्या, नेमून दिलेल्या हुकासच जोडावी. वरच्या आकड्यास किंवा उंच जागी भार जोडला तर चढावर ट्रॅक्टरची पुढची चाके उचलली जातात आणि तो मागे चालकाच्या अंगावर उलटतो. असा अपघात इतक्या त्वरेने घडतो की चालकास उडी मारण्यास अवसर मिळत नाही.

चाके व टायर

जळगाव जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. सबंध उन्हाळा उघड्यावर उभ्या असलेल्या ट्रॉलीच्या टायरला बाजूने बारीक चिरा पडतात. नक्षी चांगली दिसते म्हणून टायर चांगला असे मानले जाते. वास्तविक तो बाजूने कुजलेला असतो आणि भार पडताच फुटतो. आतील धागे किंवा तारा दिसू लागलेला टायर रस्त्यावर नेऊच नये. ट्रॉलीस दुसऱ्या वाहनाचे उतरविलेले जुने टायर बसविण्याची प्रथा सर्रास आहे. निदान एकाच आसावरील दोन्ही टायर एकाच मापाचे व सारख्या स्थितीचे असावेत.

हवेचा दाब हा दुसरा मुद्दा होय. शेतात पकड यावी म्हणून मागील चाकांतील हवा कमी ठेवली जाते. तीच हवा ठेवून भरलेली ट्रॉली रस्त्यावर ओढली तर टायरच्या बाजू वाकतात, तापतात व लवकर निकामी होतात, आणि वळणावर ट्रॅक्टर डोलू लागतो. शेतकाम व वाहतूक यांसाठी दाबाचे वेगवेगळे आकडे ट्रॅक्टरच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असतात. ते भिंतीवर लिहून ठेवावेत.

ट्रॉलीच्या चाकाची तपासणी करताना ती जॅकवर उचलून, आधार देऊन, चाक वर-खाली व आत-बाहेर हलवून पाहावे. खडखड जाणवली तर बेअरिंग ढिले किंवा झिजलेले आहे. केळीच्या बागेत ओल कायम असते. चिखल-पाणी चाकाच्या तुंब्यात शिरते, ग्रीस धुऊन जाते आणि बेअरिंग कोरडे पडते. काही अंतर चालवून थांबल्यावर तुंब्याजवळ हात नेऊन पाहावा. एक तुंबा दुसऱ्याहून फार गरम लागत असेल तर त्यात दोष आहे. चाकाचे नट ढिले होणे, पाट्यांपैकी एखादा पाटा तुटणे आणि पाटे बांधणारा बोल्ट सैल होणे हे दोषही वारंवार आढळतात. नटाभोवती गंजाचा ताजा तांबूस ओघळ दिसला तर तो नट हलत आहे असे समजावे.

स्टेअरिंग

स्टेअरिंगच्या चाकात मोकळी हालचाल किती असावी, याची मर्यादा नियमांत ३० अंश अशी दिलेली आहे. घड्याळाच्या तबकडीवर पाच मिनिटांत मोठा काटा जेवढा सरकतो, तेवढे हे अंतर होय. पुढील चाके सरळ ठेवून स्टेअरिंग हळूहळू फिरवावे. याहून अधिक फिरविल्यावरही पुढची चाके हलत नसतील तर टाय-रॉडचे सांधे, किंग पिन किंवा स्टेअरिंगची पेटी यांपैकी काही तरी झिजले आहे. शेतात हा ढिलेपणा हाताच्या सवयीने सांभाळला जातो. रस्त्यावर समोरून मालमोटार येत असताना सवय उपयोगी पडत नाही.

दिवे, परावर्तक व रेडियम

तपासणीतील सर्वांत सामान्य दोष कोणता, असे विचारल्यास दिव्यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. ट्रॅक्टरचे पुढचे दिवे बहुधा लागतात, कारण चालकास त्यांची गरज असते. ट्रॉलीच्या मागचा तांबडा दिवा, ब्रेकचा दिवा व इंडिकेटर यांची गरज मागून येणाऱ्यास असते, म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष होते. ट्रॉली सोडताना तार तुटते, जोडणीचा सॉकेट चिखलाने भरतो, केळीचे खोड आदळून काच फुटते. दिवा पुन्हा बसविण्याचे काम उद्यावर टाकले जाते.

रात्रीच्या वेळी ताशी ६० किलोमीटर वेगाने मागून येणारी मोटार एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर अंतर कापते. ट्रॉली ताशी १५ किलोमीटर वेगाने चालली असेल तर मोटारचालकाच्या दृष्टीने ती जवळपास उभ्या भिंतीसारखीच असते. ती किती आधी दिसते, यावर सारे अवलंबून राहते. दिव्यांखेरीज ट्रॉलीस परावर्तक पट्ट्या, ज्यांना सर्वत्र रेडियम म्हणतात, अवश्य लावाव्यात. पुढे पांढरी, बाजूस पिवळी व मागे तांबडी असा त्यांचा क्रम आहे. पट्टी लावण्यापूर्वी पत्रा घासून, पुसून कोरडा करावा, अन्यथा ती पहिल्या पावसात निघते. लावल्यावर ती पुसणे हेही तितकेच महत्त्वाचे आहे. चिखलाने माखलेले रेडियम व नसलेले रेडियम यांत फरक नाही. केळीची पाने फाळक्यावरून मागे लोंबत असतील तर तीही दिवे व पट्ट्या झाकतात.

मंद गतीच्या वाहनांची ओळख दुरून पटावी म्हणून अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठात १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत एक त्रिकोणी चिन्ह तयार करण्यात आले. मध्ये दिवसा उठून दिसणारा नारिंगी रंग व कडेस रात्री चमकणारी तांबडी पट्टी अशी त्याची रचना आहे. पुढे ते अनेक देशांत शेतीच्या वाहनांवर रूढ झाले. चिन्ह कोणतेही असो, मागून येणाऱ्या माणसाच्या नजरेतून आपली ट्रॉली पाहणे हा त्यातील धडा आहे. प्रत्येक मालकाने एकदा तरी रात्री आपली ट्रॉली रस्त्यालगत सुरक्षित जागी उभी करून शंभर पावलांवरून ती पाहावी.

भार

केळीचा व्यवहार घडांत व क्विंटलांत होतो, परंतु ट्रॉली भरताना घड मोजले जातात, वजन मोजले जात नाही. घड २० किलोचा असेल तर २०० घड म्हणजे ४ टन. तोच घड २५ किलोचा झाला की तेवढेच घड ५ टनांचे होतात. पीक उत्तम आले त्या वर्षी ट्रॉलीवर नकळत एक टन अधिक चढतो. ट्रॉलीची नोंदलेली क्षमता किती आहे ते पाहून घडांची कमाल संख्या आधीच ठरवावी.

भार कोठे ठेवला आहे यासही महत्त्व आहे. दोन चाकी ट्रॉलीत सर्व माल आसाच्या मागे गेला तर ओढदांडा वर उचलला जातो आणि ट्रॅक्टरच्या मागील चाकांची पकड कमी होते. सर्व माल पुढे आला तर ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होतात व स्टेअरिंग मानीत नाही. भार आसावर, किंचित पुढे झुकता असावा. तो शक्य तेवढा खाली असावा, कारण उंच रचलेला भार वळणावर बाहेर झुकतो. फाळक्याच्या दोन्ही कड्या लावलेल्या असाव्यात व माल दोराने आवळलेला असावा.

माणसे

ट्रॉली हे मालाचे वाहन आहे. कापणीचे काम आटोपल्यावर मजूर घडांवर बसून परततात, ओढदांड्यावर एखादा मुलगा उभा राहतो, ट्रॅक्टरच्या मडगार्डवर दोघे बसतात. ही दृश्ये सवयीची झाल्यामुळे त्यांतील धोका जाणवत नाही. मडगार्डवरून घसरलेला माणूस थेट मागच्या चाकाखाली येतो, आणि ओढदांड्यावरून घसरलेला ट्रॉलीच्या चाकाखाली. अशा माणसांना विम्याचे संरक्षण मिळेलच याची शाश्वती नसते. मजुरांच्या जाण्या-येण्याची वेगळी सोय करण्यास खर्च येतो हे खरे. तो खर्च कापणीच्या खर्चातच धरावा.

चालकाच्या रक्षणासाठी ट्रॅक्टरवर बसविण्याची मजबूत चौकट हा याच विषयाचा भाग आहे. स्वीडनमध्ये १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरवर अशी चौकट सक्तीची झाली आणि ट्रॅक्टर उलटून होणारे मृत्यू पुढील काळात फार घटले. पाश्चात्य देशांत शेतावर फिरण्यासाठी क्वाड बाइक नावाची चारचाकी मोटारसायकल वापरतात. तीही शेतासाठी बनविलेली, हलकी आणि उलटण्यास सोपी. ऑस्ट्रेलियात तिच्या अपघातांचे प्रमाण पाहून ऑक्टोबर २०२१ पासून शेतकामाच्या नव्या क्वाड बाइकवर चालकाचे रक्षण करणारी चौकट आवश्यक करण्यात आली. वाहन लहान असो वा मोठे, शेतासाठी बांधलेले वाहन वेगात व उंचसखल जागी नेले म्हणजे त्याच प्रकारचे दोष व तेच धोके पुढे येतात. ट्रॅक्टरला चौकट असेल तर आसनाचा पट्टाही बांधावा. चौकट नसताना मात्र पट्टा बांधू नये.

तपासणीचा निकाल कसा घ्यावा

मोटार वाहन निरीक्षकाने एखादा दोष दाखविला तर तो अडथळा मानण्याची वृत्ती आढळते. तपासणीच्या दिवसापुरते शेजाऱ्याचे दिवे आणून लावणे, दुसऱ्याची चांगली चाके बसविणे आणि परत आल्यावर ती काढून देणे, असे प्रकार घडतात. त्यामुळे कागद मिळतो, परंतु वाहन पूर्वीइतकेच सदोष राहते. निरीक्षकाच्या शेऱ्यांची यादी ही वास्तविक फुकट मिळालेला सल्ला होय. ज्या भागाबद्दल शेरा आला, त्याच्या जोडीचा दुसरा भागही पाहावा. एका बाजूचे बेअरिंग गेले असेल तर दुसऱ्या बाजूचे तेवढ्याच वर्षांचे असते.

याकरिता मालकाने तपासणी पुढील क्रमाने करावी.

रोज, रस्त्यावर जाण्यापूर्वी : ब्रेकचा खटका, पिन, सुरक्षा-पिन व साखळी, मागचे दिवे, रेडियम पुसणे, टायर नजरेखालून घालणे, फाळक्याच्या कड्या.

आठवड्यातून एकदा : हवेचा दाब, चाकाचे नट, स्टेअरिंगची मोकळी हालचाल, सांध्यांना ग्रीस, दिव्यांच्या तारा व सॉकेट.

कापणीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी : दोन्ही ब्रेकची चाचणी, ट्रॉलीची चाके उचलून बेअरिंग, पाटे व त्यांचे बोल्ट, ओढदांड्याचे भोक व जोड, सांगाड्यावरील वेल्डिंगच्या चिरा, नोंदणी व विम्याच्या मुदती.

रोजच्या तपासणीस पाच मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. ती चालकाने करावी व मालकाने अधूनमधून स्वतः पाहावी. चालकाने दोष सांगितल्यावर खेप पुढे ढकलण्याची मालकाची तयारी हवी. अन्यथा चालक सांगणे सोडून देतो. केळीची कापणी ठरलेली असते, व्यापारी थांबलेला असतो, मालमोटार उभी असते, हे सर्व खरे. पण खेप तासभर उशिरा गेली तर तासाचे नुकसान होते. पिन तुटलेली ट्रॉली गावच्या चौकात सुटली तर होणाऱ्या नुकसानीची भरपाई कोणत्याही हंगामात होत नाही.

अभ्यासवर्गासाठी प्रश्न

१. शेतात न जाणवणारा ब्रेकचा दोष रस्त्यावर धोकादायक का ठरतो?

२. आपल्या ट्रॉलीत १८ किलोचे, २० किलोचे व २५ किलोचे किती घड भरता येतील? ट्रॉलीच्या नोंदलेल्या क्षमतेवरून हिशेब करा.

३. ट्रॉली ट्रॅक्टरच्या वरच्या आकड्यास जोडल्यास काय घडते?

४. एकाच गावातील पाच ट्रॉल्या एकत्र उभ्या करून रोजच्या तपासणीची यादी प्रत्येकीस लावा. कोणता दोष सर्वांत अधिक ट्रॉल्यांत आढळला, आणि तो दूर करण्यास किती खर्च येईल, हे फळ्यावर लिहा.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर लिहून झाल्यावर बहुतेक गावांत असे दिसून येईल की, अधिक आढळलेले दोष किरकोळ खर्चात व एका दुपारी दूर होण्याजोगे आहेत. ती दुपार कापणीपूर्वी काढावी.